रिकाम्या डब्यातली सुकट

भूत, आत्मा, अंगात येणं या विषयांवर कोणी माझं मत विचारलं की मी हसतो. साधंसुधं नाही, खालच्या मजल्यावरच्या कपबश्या वाजतात असं हसतो. ज्या पिंपळाखालून जायला आमची अख्खी चाळ घाबरायची, त्याला पाठ टेकून मी भर अमावास्येला झोपा काढल्यात. वर घोरलोही आहे. भूत असलंच तर तेच उठून दुसरीकडे गेलं असेल!

आता पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, सुधाकाकाने आणखी एक थाप मारली. मारतो, नाकारत नाही. जन्मभर बसचा कंडक्टर होतो, लोकांना हसवत तिकिटं फाडली. पण थापा मारणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते – आपण काय रचलं आणि काय नाही. हे मी रचलेलं नाही.

तर, लालबागला आमचं हौशी नाट्यमंडळ आहे. गिरण्यांच्या काळापासूनचं. माझी तिथली खासियत म्हणजे मरणं. सुधाकाका मरतो कसा ते बघायला माणसं शिवडीहून यायची. एकदा मी छातीत सुरा घेऊन कोसळत होतो, पहिल्या रांगेतला एक गृहस्थ बाहेर गेला, वडापाव खाल्ला, वर चहा घेतला, परत आला... मी अजून मरतच होतो.

गेल्या श्रावणात परळला एकांकिका स्पर्धा होती. आमचा दिग्दर्शक मिलिंद एका वकिलाकडे ज्युनियर आहे, आणि त्याच्या डोक्यात सध्या ट्रू क्राइम भरलंय. सेशन्स कोर्टातल्या जुन्या निकालांच्या नकला काढायच्या, साक्षी-पंचनामे वाचायचे, आणि गुन्हा जसाच्या तसा उभा करायचा. त्याचा एकच मंत्र – "काका, कागदात नाही ते स्टेजवर नाही."

केस अशी. गोविंद नावाचा गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावर शिवडीच्या एका गोदामावर रात्रीचा वॉचमन झाला. चोरी करायला आलेल्या एकाने मागून डोक्यात लोखंडी पाइप घातला. जागच्या जागी खलास. आरोपी सापडला, शिक्षा झाली, भोगूनही झाली. पंचनाम्यात लिहिलं होतं – शेजारी डबा, डब्यात अर्धवट खाल्लेलं अन्न. त्यावरून सरकारी वकिलांनी मांडलं, की इसम जेवत असताना हल्ला झाला. कोर्टाने ते मानलं.

गोविंद मी!

परवानगी विचारायला मिलिंद आणि मी नायगावला बीडीडी चाळीत गेलो. गोविंदची मुलगी शैला तिथे राहते. साठीला टेकलेली, शाळेत शिकवून रिटायर झालेली. तिने आम्हाला घरात घेतलं नाही, गॅलरीतच उभं केलं.

"नाटक करा," ती म्हणाली, "पण आईच्या कानावर घालू नका. ती आत आहे."

"का हो? म्हणजे... एवढी वर्षं झाली," मिलिंद म्हणाला.

"तिच्यासाठी नाही झाली. बाबा गेल्यापासून आई रात्रीची जेवत नाही. घोटभर चहा, बस. म्हणते, तेच्या तोंडातलो घास काढून घेतल्यांनी, मी कशी गिळू? आता डॉक्टर ओरडतात. औषधं उपाशीपोटी चालत नाहीत. पण तिला कोण सांगणार?"

आतून आवाज आला, "कोण आसा गे?"

"कोण नाय आये! केबलवाले!"

त्या म्हातारीला मी त्या दिवशी पाहिलंही नाही. पण जिना उतरताना मिलिंदने दोनदा विचारलं, काका बरं वाटत नाही का?

तालमीत भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवर. मिलिंदचं म्हणणं, तिसऱ्या घासाला फटका, ब्लॅकआउट. मी म्हटलं, आणि माझं मरण?

"कागदात आहे, जागच्या जागी मयत."

"अरे, लोक माझं मरण बघायला येतात!"

"काका, तुम्ही एक मिनिट जरी तडफडलात ना, तर पुढच्या वर्षी तुम्हाला पडदा ओढायला लावीन."

चोराचं काम सतीशकडे होतं. पाइप म्हणजे स्पंज गुंडाळलेली नळी. आणि डबा? रिकामा. कॉस्च्यूमवर तेलाचे डाग नकोत म्हणून मिलिंदची सक्त ताकीद होती. जेवायचा नुसता अभिनय. शिवाय श्रावण होता. आमच्या घरी श्रावणात मासळीचं नाव काढलं तरी बायको, म्हणजे रंजना, कान धरून आंघोळीला पाठवते.

प्रयोग भर दुपारी होता. विंगेतून बघितलं तर तिसऱ्या रांगेत शैला एकटी बसलेली.

मी बाकड्यावर बसलो. डब्याचं झाकण काढलं. आणि... आता कसं सांगू? डबा रिकामा होता, हे मला दिसत होतं. पण हाताला ते ठाऊक नव्हतं. हात भाकरी मोडत होता. मी जेवायला लागलो. पहिला घास, दुसरा, तिसरा. फटका नाही. चौथा, पाचवा. सतीश मागे पाइप उगारून उभा. विंगेतून मिलिंद दात-ओठ खात खुणा करतोय. मला सगळं दिसत होतं, पण घाई अशी वाटतच नव्हती. दिवसभराचा भुकेला माणूस जेवतो तसा मी शांतपणे, चवीने जेवत होतो.

मग भाकरीचा अर्धा भाग उरला. माझ्या बोटांनी त्याच्यावर काहीतरी चिमूटभर ठेवलं, त्याची घडी घातली, डब्याच्या एका कडेला नीट सारली आणि झाकण लावलं. हात धुतला. डोक्यावरची टोपी काढून ओली बोटं तिच्या आतल्या बाजूला पुसली. ढेकर आली. स्टेजवरची नव्हे, खरीखुरी.

तेव्हा कुठे फटका बसला. मी पडलो, आणि लगेच मेलो. माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात छोटं मरण!

विंगेत आल्यावर मिलिंद सतीशवर तुटून पडला. "तिसरा घास सांगितला होता ना रे!"

सतीशचे डोळे भरलेले. वडाळ्याचा आडदांड गडी, जिममध्ये ट्रेनर आहे. म्हणाला, "दादा, काका जेवत होते. जेवणाऱ्या माणसाला मारवेना. हातच उठला नाही... त्यांचं आटपलं, मग उठला."

बक्षीस अर्थातच नाही मिळालं. एक परीक्षकबाई मात्र मुद्दाम येऊन सांगून गेल्या, "डब्यात खरं जेवण ठेवलंत ते छान केलंत. वास अगदी पुढच्या रांगेपर्यंत आला." मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी मिलिंदकडे.

तेवढ्यात शैला आली. मला वाटलं, आता ही बाई मला फाडून खाणार.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"काय?"

"भाकरीची घडी. बाबा रात्रपाळीवर डबा सगळा संपवायचे आणि शेवटी अर्ध्या भाकरीत थोडं कालवण ठेवून घडी घालायचे. सकाळी घरी आले की डबा माझ्या हातात. शाळेत, पुढे कॉलेजात जायच्या आधी मी ती खायची. घरातल्या जेवणापेक्षा ती गोड लागायची मला. मी विसरले होते हो. अर्धवट खाल्लेलं, अर्धवट खाल्लेलं, असं कोर्टात इतक्यांदा ऐकलं, की मलाही वाटलं बाबा अर्ध्या जेवणावरून उठले. ते उरलेलं नव्हतं. ते माझं होतं."

मी हातातली टोपी उलटसुलट करत राहिलो.

"घरी याल?" ती म्हणाली. "आईला दाखवायला? मी सांगून ती ऐकायची नाही. म्हणेल, माझ्यासाठी बनवून सांगते."

त्याआधी माझ्या घरी काय झालं ते सांगतो. दारात पाऊल टाकलं, रंजनाने नाक वर केलं, माझा उजवा हात पकडला आणि हुंगला.

"सुकट! श्रावणात सुकी मासळी खाऊन आलात?"

"अगं, डबा रिकामा होता..."

"आता होणारच! तुम्ही खाल्लीत ना!"

देवाशप्पथ, चहाशिवाय माझ्या पोटात काही गेलं नव्हतं. तरी त्या रात्री मला भूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नायगावला गेलो. म्हातारी खाटेवर बसली होती. एवढीशी, पण नजर धारदार.

"बस रे झिला. शैला म्हणता, तू गोविंदाचा सोंग घेतलंस."

मी जमिनीवर मांडी घातली. शैलाने घरातला एक स्टीलचा डबा पुढे ठेवला. मी करून दाखवायला गेलो... आणि काहीच होईना. हात माझाच होता, कंडक्टरचा. कालची ती भूक नाही, ती सावकाशी नाही. नुसती अॅक्टिंग, तीही भिकार. कशीबशी घडी घालून दाखवली, झाकण लावलं आणि मान खाली घालून बसलो.

म्हातारीने डबा जवळ ओढला.

"मगे हात धुतल्यान?"

"हो आजी."

"टोपयेक पुसल्यान आसतले. आतल्या बाजूक. किती बोंबललंय मी तेका, टोपयेक वास येता म्हणान."

टोपीचं मी अजून दाखवलं नव्हतं. शैलाकडे वळलो, तर ती मान हलवत होती – मी नाही सांगितलं.

"त्या दिसा काय दिललास गे आये डब्यात?" शैलाने विचारलं.

"सुकाट. घरात दुसरा काय होता?"

मी उजवा हात नाकाशी नेला. मी काही बोलणार, तोच म्हातारीने माझं मनगट धरलं.

"म्हणजे जेवललो मा तो? पोटभर?"

दुसरा कुठलाही दिवस असता तर मी चार वाक्यं वाढवून, मीठमसाला लावून सांगितलं असतं. त्या दिवशी तोंडातून एकच शब्द निघाला.

"पोटभर."

तिने माझं मनगट सोडलं. पदराने तोंड पुसलं. मग शैलाला म्हणाली, "वाढ गे. माकाव वाढ."

डाळ, भात, भाजी, तांदळाची भाकरी. शैलाने पानं वाढली. म्हातारी हळूहळू जेवली. शेवटी अर्धी भाकरी उरली, तिने तिच्यात चिमूटभर भाजी ठेवली, घडी घातली आणि लेकीच्या पानाकडे सरकवली. साठीला आलेली ती बाई, तिने ती भाकरी दोन्ही हातांत धरून खाल्ली.

शैलाचा अधूनमधून फोन येतो. आई आता रात्रीची जेवते, म्हणे, आणि मीठ कमी पडलं की ओरडतेही.

मिलिंदने ते सगळे कागद पुन्हा तपासले. घडी नाही, टोपी नाही, सुकट नाही. त्याचं मत, मी कधीतरी कुठेतरी ऐकलं असणार. कुठे? त्याला सांगता येत नाही, मलाही नाही. भुताखेतांवर माझा विश्वास आजही नाही. पिंपळाखाली मी अजूनही झोपू शकतो, घोरण्यासकट.

रंजनाला सगळी हकीकत सांगितली. तिने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि म्हणाली, "ते सगळं खरं, पण सुकट खाल्लीत की नाही?"

मी नाही खाल्ली. ज्याने खाल्ली तो पोटभर जेवून गेला. एवढंच मला माहीत आहे.