मामा म्हणणाऱ्या दवाखान्याची चूक

तुमच्या गावातल्या एखाद्या दवाखान्यानं कधी कुणाची उघडपणे माफी मागितलेली तुम्ही पाहिली आहे का? ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे मी माफीत धरत नाही. लिफ्ट बंद पडली की ती पाटी लागतेच. मी विचारते आहे त्या माफीबद्दल, जिच्यात काय केलं ते लिहिलेलं असतं आणि खाली सही असते.

मी अशी माफी एकदाच पाहिली. नांदेडला, माझ्या आत्याच्या दवाखान्यात.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावातून नर्सिंग शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी. आधी वॉर्डात सिस्टर, मग मेट्रन, आणि शेवटी ट्रस्टनं अख्खा दवाखानाच तिच्या हातात दिला. डॉक्टर नसलेली बाई प्रमुख आहे, हे तिथल्या एकदोन डॉक्टरांना अजून पचलेलं नाही. बाकी सगळे तिला ‘मोठ्या बाई’ म्हणतात.

तिच्या खोलीत खुर्चीच्या मागे माहूरच्या रेणुकामातेचा फोटो आहे. सकाळी राउंडला निघण्याआधी ती त्याच्यासमोर उभी राहते आणि रोज एकच वाक्य म्हणते, “आई, आज माझ्या हातून कुणाचं वाकडं होऊ देऊ नको.” वर्षातून एकदा ती माहूरला जाते आणि डबाभर तांबूल घेऊन येते. देवीचा तो कुटलेला विडा सगळ्यात आधी मिळतो औषधाच्या खिडकीतल्या चाचांना. त्यांच्या घराण्याचं औषधाचं काम पिढ्यान्‌पिढ्या नांदेडात चालत आलेलं. चाचा विडा गालात ठेवून दरवर्षी तेच म्हणतात, “बाई, ताकद तर ह्याच्यात लई हाय. पन डॉक्टरलोक चिठ्ठीवर लिहून देईनात.”

मी लातूरची. बाबा छापखान्यात कामाला होते आणि उरलेला सगळा वेळ पत्रकं लिहायचे. धरणग्रस्तांची, सफाई कामगारांची, बुवाबाजीविरुद्धची. आमच्या घरी भाकरीच्या टोपल्यात फडक्याखाली उरलेली पत्रकं अंथरलेली असत. ‘जागे व्हा’ हे शब्द मी पिठाच्या डागांतून वाचायला शिकले. देव आमच्या घरात नव्हता. त्यामुळे एम.ए.साठी नांदेडला आत्याकडे राहायला आले, तेव्हा मी भांडायच्या तयारीनंच आले होते.

भांडायला देवी लागलीच नाही. आधी सापडला ‘मामा’.

आत्याच्या दवाखान्यात पेशंटला नंबरानं हाक मारायची नाही, असा तिचा दंडक होता. “इथं कुणी सात नंबर न्हाई अन् कुणी हर्निया न्हाई,” ती नव्या पोरींना सांगायची. म्हातारा असेल तर मामा. मुसलमान घरातला असेल तर चाचा. बायका मावशी, खाला. देगलूरकडची म्हातारी आली तर अव्वा. आपल्या घरात जसं बोलतात तसं वॉर्डात बोलायचं, हे तिनं वीस वर्षं पोरींच्या अंगवळणी पाडलं होतं.

दुपारी कॉलेज सुटलं की मी दवाखान्यात सूचनाफलक आणि फॉर्म सोप्या मराठीत लिहून द्यायचे. मला तो ‘मामा’ ऐकून चीड यायची. एकदा जेवताना मी तोंड उघडलं.

“आत्या, पेशंट हा नागरिक असतो. त्याला हक्क असतात. तुम्ही त्याला मामा करून टाकलं की त्याचं तोंड बंद. मामा कधी भाचीची तक्रार करतो का?”

“तुझा बाप घरी आल्यावर मी त्याला ‘या नागरिक’ म्हणते का गं?”

“ते घर आहे.”

“मग हे काय हाय? खा आधी. वरण गार होऊन राहिलं.”

असं म्हणून ती मला तूप वाढायची. तूप वाढणाऱ्या माणसाशी वाद घालणं फार अवघड असतं.

मग ती दुपार आली. पुरुषांच्या वॉर्डात दोन मामा शेजारी शेजारी होते. एक खिडकीजवळचे, साखरेचे, म्हणजे मधुमेहाचे. दुसरे धर्माबादकडचे, मिरचीच्या अडतीवर काम करणारे, हर्नियाचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेले. दोघांची चांगली गट्टी जमली होती. खिडकीजवळ मोबाईलला रेंज यायची आणि धर्माबादच्या मामांना लेकीशी बोलायचं होतं, म्हणून दोघांनी कुणाला न विचारता खाटा बदलल्या. दोन वाजता सिस्टरची पाळी बदलली. जाणारी येणारीला म्हणाली, “खिडकीजवळच्या मामांचं इन्सुलिन राहिलंय, जेवायच्या आधी दे.” आलेली सिस्टर वर्षभरापूर्वी लागलेली, मनापासून काम करणारी मुलगी होती. तिनं इंजेक्शन भरलं, खिडकीजवळ गेली आणि मायेनं विचारलं, “मामा, इन्सुलिन तुमचंच ना?”

धर्माबादच्या मामांनी बाही वर केली. “हाव माय, दे.”

त्यांचा डबा त्या दिवशी यायचा राहिला होता. पोट रिकामं. पाऊण तासात त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. शेजारचे साखरेचे मामा ओरडले, “ओ बाई! पाव्हणं बघा कसं करून राहिलेत! नाव विचारलं तर नाव सांगंनात!”

मी तेव्हा दारात फलक चिकटवत होते. आत्या माझ्या अंगावरून धावत गेली. एवढी जाड बाई एवढी जोरात धावू शकते, हे मला माहीत नव्हतं. रक्तातली साखर पाहिली, सलाईनमधून ग्लुकोज दिलं, डॉक्टर आले. पाच वाजेपर्यंत मामा उठून बसले आणि चहा मागू लागले.

सहा वाजता ट्रस्टचे अध्यक्ष आत्याच्या खोलीत आले. मी कोपऱ्यात फॉर्म लावत बसले होते. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. ते म्हणाले, “मामा ठणठणीत आहेत ना? मग विषय संपला. त्यांच्या घरच्यांनी विचारलंच तर म्हणा, औषधोपचारात काही गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत. आणि त्या पोरीला काढून टाका.”

“त्यांनी विचारलं न्हाई तर?” आत्यानं विचारलं.

“तर आपण कशाला सांगायचं? बाई, तुमची मुदत संपत आलीये. वाढवायची की नाही ते पुढच्या बैठकीत ठरणार आहे. हे बाहेर गेलं तर तुमच्यावरच येईल.”

ते गेले. आत्या उठून फोटोसमोर उभी राहिली. डोळे उघडेच.

“काय मागून राहिलीस?” मी विचारलं. जरा टोचूनच.

“मागत न्हाई. सांगून राहिले. दोनदा म्हणलं, आई, चूक झाली. पण पुढं जाताच येईना. आपोआप झाल्यासारखं वाटून राहिलं, पाऊस पडल्यासारखं.”

मला हसूच आलं. कारण पत्रकात मी ‘अन्याय झाला’ असं लिहिलं की बाबा लाल पेननं त्याला गोल करायचे आणि समासात लिहायचे, ‘कुणी केला?’ मी तिला ते सांगितलं. तिनं तिथल्या तिथं बाबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“कुणी मेलं का?” बाबा.

“न्हाई, दादा.”

“मग नाक कशाला ओढतेस? सगळं नीट सांग.”

तिनं सांगितलं. तिकडून लातूरच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

“घरच्यांना सांग,” बाबा म्हणाले. “लिहूनही लाव. अन् झाली-बिली लिहू नको. केली लिही.”

“आईपण तेच म्हणून राहिली.”

“कुठली आई?”

“माहूरची.”

“घ्या! तुझ्या देवीनं जन्मात पहिल्यांदा माझ्या बाजूनं मत दिलं.”

“ती कायम देते दादा. तूच मोजत न्हाईस.”

मी तोवर एका फॉर्मच्या पाठीवर मजकूर लिहिलाही होता. कडक. ‘निष्काळजीपणा खपवून घेतला जाणार नाही. दोषी परिचारिकेवर कारवाई करण्यात येईल.’ मला तो फार आवडला होता. आत्यानं चष्मा लावून दोनदा वाचला.

“ह्याच्यात मी कुठं हाय?”

“तू कशाला? चूक तिची आहे.”

“तिला मामा म्हणायला कुणी शिकवलं? अन् नाव विचारायला कुणी शिकवलं न्हाई?” तिनं कागद माझ्या हातात परत दिला. “तुझ्या बापाला हे दाखवू नको. लाल पेन संपंल त्याचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माबादहून मामांची लेक डबा घेऊन आली. आत्या त्या सिस्टरला सोबत घेऊन मामांच्या खाटेपाशी गेली, उभ्यानंच सगळं सांगितलं आणि हात जोडले. “मी चूक केली, मामा.”

लेकीनं डबा खाली आपटला. “मामा मामा करून माझ्या बापाला मारायलात का तुम्ही? नाव विचारायला तोंड झिजतंय का?”

सिस्टर रडायला लागली. तेवढ्यात मामाच म्हणाले, “ए, पोरीला बोलू नको. मला ठावं होतं सुई माझी न्हाई म्हणून. तीन दिवसांत तसली सुई कुणी दिलीच नव्हती.”

“मग गप का बसलात?”

“एवढी मायेनं मामा म्हणली. तिला न्हाई कसं म्हणावं?”

“तुमचं हे असंच! जावयानं अळणी वरण वाढलं तरी लई गोड म्हणता!”

सगळा वॉर्ड हसला. आत्या हसली नाही. ती हळूच खाटेच्या कडेवर बसली. मी तिच्याकडे बघत होते. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, अगदी शब्दाला शब्द, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. वीस वर्षं जो शब्द तिनं प्रेमानं वाटला, त्याच शब्दामुळे एका म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या जिवासाठी ‘नाही’ म्हणता आलं नव्हतं. मायेचा तो शब्द खोटा होता, असं मात्र मी आजही म्हणणार नाही. खोटा असता तर त्यांनी नाही म्हटलं असतं.

“तक्रार करायची झाली तर कुणाकडं करायची?” लेकीनं विचारलं.

“ट्रस्टच्या अध्यक्षांकडं. माझ्याविरुद्ध करायची.” आत्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. “ही लिहून देईल. चांगलं लिहिते.”

आणि मी लिहिली. लेक सांगत गेली, मी लिहीत गेले. माझ्या सख्ख्या आत्याविरुद्धची तक्रार. आत्या खांद्यावरून वाकून वाचत होती. मध्येच म्हणाली, “इन्सुलिनमधला लि ऱ्हस्व ना गं?”

त्याच दिवशी दवाखान्याच्या दारात कागद लागला. मोठ्या अक्षरात, माझ्या हातचा: ‘काल दुपारी आम्ही एका रुग्णाला दुसऱ्याचं इन्सुलिन दिलं. त्याला त्याचं नाव विचारलं नाही. नाव विचारायची पद्धत मी लावली नव्हती. ही चूक मी केली.’ खाली तिची सही आणि हुद्दा.

दुपारी अध्यक्ष आले. कागदासमोर ओपीडीतली माणसं उभी होती. एकजण बायकोला मोठ्यानं वाचून दाखवत होता.

“काढा ते,” अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले.

“तुम्ही काढा साहेब. मी लावलंय.”

त्यांनी हात मागे बांधले. मग आत निघून गेले.

बैठकीत आत्याची मुदत वाढली, पण एकाच वर्षाची. पत्रात लिहिलं होतं, ‘कामकाजावर देखरेख ठेवली जाईल.’ कोण ठेवणार ते लिहिलेलं नव्हतं. ते पत्र मी बाबांना पाठवलं. त्यांनी ‘जाईल’ला गोल करून परत पाठवलं. सिस्टर कामावर आहे. पुढच्या वर्षी आत्या त्या खुर्चीत असेल की नाही, मला सांगता येत नाही. ती म्हणते, खुर्ची गेली तर माहूरला पायी जाऊन येईन, एरवी वेळच मिळत न्हाई.

वॉर्डात मामा अजून मामाच आहेत. पण आता सुईच्या आधी पेशंटनं स्वतःचं पूर्ण नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आणि ते केसपेपरवरच्या नावाशी जुळवायचं. सुरुवातीला लोक वैतागायचे. “अगं माय, सकाळीच तर सांगितलं!” एका अव्वांना पूर्ण नावात नवऱ्याचं नाव घ्यावं लागणार होतं. त्या लाजल्या, पदर तोंडाशी धरला आणि इंजेक्शनसाठी चक्क उखाणा घेतला. सिस्टरनं तो केसपेपरशी जुळवून पाहिला आणि मगच सुई टोचली.

हा मजकूर मी पत्रकासारखाच लिहिते आहे, म्हणून शेवटी मागणी आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात एखादं भिडस्त म्हातारं माणूस असेल, सगळ्यांना ‘हाव माय’ म्हणणारं. आज संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्याकडून एक वाक्य तीनदा म्हणून घ्या: “थांब माय, आधी माझं नाव विचार.” ते हसतील, टाळतील, तुम्हाला शहाणं म्हणतील. तरी म्हणून घ्याच.