सहा वाजता मैदानावर

आई गेल्यानंतरचे चार महिने आमच्या घरी जवळजवळ रोज पार्सल यायचं. कधी कुडता, कधी ओढणी, कधी उशांचे अभ्रे. एकदा तर मी भाजी चिरायचं एक यंत्र मागवलं. ते आमच्या ओट्यावर मावत नव्हतं, म्हणून पलंगाखाली गेलं. नवरा दार उघडून पार्सल घ्यायचा, टेबलावर ठेवायचा आणि पेपर वाचायला बसायचा. तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर मी भांडलेच असते.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. सकाळी सातला जायचं, तीनला परतायचं. लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधण्यात माझी वीस वर्षं गेली. अवघड शिरेचा पेशंट आला की सगळे मलाच हाक मारतात. त्या चार महिन्यांतही माझा हात एकदाही थरथरला नाही. त्यामुळे मला वाटायचं, मी ठीक आहे.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली होती. संध्याकाळी सहाला मी तिला खुर्चीत बसवायचे, तिची वेणी घालायचे आणि चहात बुडवून बिस्कीट भरवायचे. ती अर्ध्यामुर्ध्या शब्दांत काहीबाही सांगायची आणि मला ते सगळं कळायचं. ती गेली तेव्हा सगळे म्हणाले, सुटली बिचारी. मीही तेच म्हणत होते. मुलगी शिकायला पुण्याला होती, नवऱ्याची शिकवणी पाच ते आठ असायची. घरात मी आणि फोन.

दिवाळी झाल्यावर माझी मोठी बहीण उमरेडहून आठ दिवसांसाठी आली. ताई अंगणवाडीत होती, नुकतीच निवृत्त झाली. आमचे वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. कापड दिसलं की ते आधी बोटांत धरून बघायचं, ही सवय आम्हा दोघींनाही आहे. आपले कपडे ठेवायला तिने माझं कपाट उघडलं आणि वरच्या कप्प्यातून पिशव्या तिच्या अंगावर कोसळल्या. मी धावत गेले. ताई जमिनीवर बसली होती आणि एकेक कुडता बाहेर काढून त्याची कडा चिमटीत धरत होती. एकाचीही किमतीची चिठ्ठी निघालेली नव्हती.

"काहून वं, दुकान टाकतं का?" तिने विचारलं.

मी हसले. ती हसली नाही.

"हे कापड एका धुण्यात जाईन. तुले कळत नाही असं नाही. मंग कायले घेतलं?"

"बरं वाटतं गं."

"घालून?"

"नाही. घेताना."

मग सगळ्या घड्या नीट घालून तिने त्या पिशव्यांत परत ठेवल्या. वडिलांनी विणलेलं लुगडंही तिने कधी यापेक्षा जास्त जपून ठेवलं नसेल. मला त्याचीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चहा घेत होतो. माझा हात फोनकडे गेला. ताईने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काल बी तू याच टायमाले फोन घेतला होता. परवा बी. आईचा चहाचा टाइम आहे न हा?"

चार महिने मला जे दिसलं नव्हतं, ते तिने तीन दिवसांत पाहिलं. मी रडले. आईला अग्नी दिल्यानंतर पहिल्यांदा इतकी रडले. ताईने मला रडू दिलं. माझं झाल्यावर म्हणाली, "चाल, पायात चपला घाल. या घरात मले बी घुसमटून राहिलं."

आमच्या सोसायटीच्या मागे महानगरपालिकेच्या शाळेचं मैदान आहे. त्याच्या भिंतीजवळून मी रोज स्कूटीने जाते, पण आत कधी गेले नव्हते. तिथे मोठ्या दिव्यांच्या उजेडात मुलींचा खो-खोचा सराव चालू होता. ताई फाटकापाशीच थांबली. तिचा चेहराच बदलला. आम्ही दोघीही उमरेडच्या शाळेत खेळायचो. ती धावणारी आणि मी पकडणारी, म्हणजे घरीही आमचं तेच चालायचं.

सराव घेणाऱ्या बाई तिशीच्या होत्या. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. पाटीवर बसायला एक मुलगी कमी होती म्हणून त्यांचा डाव अडला होता. ताईने लांबूनच ओरडून सांगितलं, "इले बसवा, हे खेळलेली आहे!"

"ताई, वेडी आहेस का? मी सत्तेचाळीस वर्षांची आहे."

"बसाचंच तर आहे. बसता येते न तुले?"

बाई हसल्या. "या न मॅडम. पडल्या तर माती मऊ आहे."

माती मऊ नव्हती, पण ते मला नंतर कळलं. मी ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या आणि दोन मुलींच्या मध्ये पाटीवर बसले. एक गुडघा वर, हात जमिनीवर, नजर समोर. शरीराला ते सगळं आठवत होतं. शेजारच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काकू, टाच उचला, नाही तर उठता येणार नाही." मी टाच उचलली.

मागून पाठीवर थाप पडली. "खो!"

मी उठले. खरंच उठले. समोरची मुलगी खांबाकडे पळत होती. मला तिच्याइतकं पळता येणार नाही हे पहिल्या तीन पावलांतच कळलं. पण ती खांबाला वळसा घालताना डावीकडे झुकते हेही दिसलं. मी पाच पावलं गेले, एका मुलीच्या पाठीवर खो दिला आणि तिची जागा घेतली. पुन्हा खो मिळाला. मग पुन्हा. चौथ्यांदा ती मुलगी खांबाकडे निघाली, तेव्हा मी तिच्या मागे न जाता ती जिथे झुकणार होती तिथे हात टाकला. बोटं तिच्या खांद्याला लागली. ती बाद झाली आणि मी तोंडावर पडले.

दोन्ही गुडघे सोलले. तोंडात माती गेली. मुली धावत आल्या आणि मी पडल्या पडल्या हसत होते. हसू थांबतच नव्हतं. पलीकडे ताई टाळ्या वाजवत ओरडत होती, "पाहा, माही बहीण आहे ते!"

त्या दिवशी घरी आल्यावर फोन कुठे ठेवलाय हे मला जेवण झाल्यावर आठवलं.

त्या दिवसानंतर मी कधी काही घेतलंच नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. ताई परत गेली, तरी मी रोज सहाला मैदानावर जात राहिले. एकदा लॅबमध्ये एका डॉक्टरने माझी चूक नसताना पेशंटसमोर मला झापलं. त्या दिवशी मैदानावर न जाता मी घरी बसून चादरींचा सेट मागवला. चादरी आल्या, चांगल्या होत्या, आजही वापरतो. पण मागवून झाल्यावर पाच मिनिटांत तो डॉक्टर पुन्हा डोक्यात येऊन बसला. मैदानावर तो येत नाही. तिथे पाठीवर खो कधी पडेल ते सांगता येत नसल्यामुळे दुसऱ्या कशाचा विचार करायला फुरसतच नसते. हा फरक मला स्वतः करून बघून कळला आणि म्हणूनच तो मला पटला.

कपाटातले कुडते मी लॅबमध्ये नेले. आमच्याकडे सफाईचं काम करणाऱ्या दोघी आणि रिसेप्शनवरची मुलगी यांनी आपापल्या मापाचे निवडून घेतले. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमची चॉइस भारी आहे." ते यंत्र मात्र कुणीच घेतलं नाही.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये आली. शाळेच्या परीक्षा संपल्या, मुली गावाला गेल्या, बाईही नरखेडला माहेरी गेल्या. नागपूरचं ऊन संध्याकाळी सहालाही अंगावर येतं. पहिले दोन दिवस मी घरात येरझारा घातल्या. तिसऱ्या दिवशी मी सोसायटीतल्या दारांच्या घंटा वाजवल्या. माझ्या स्वभावात हे नव्हतं. दहा वर्षं त्या इमारतीत राहूनही मला अर्ध्या जणींची नावं माहीत नव्हती.

"खो-खो खेळता का?" मी विचारायचे.

एकीने दार लावून घेतलं. दुसरीने विचारलं, "कोणत्या कंपनीचं आहे?" तिला वाटलं, मी काहीतरी विकायला आले आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या बाई मात्र चप्पल शोधायलाच लागल्या. "काटोलच्या शाळेत खेळायची मी," त्या म्हणाल्या. "विचारलंच नाही हो कोणी इतक्या वर्षांत."

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नऊ जणी झालो. पहाटे साडेपाचला, ऊन तापायच्या आत. सर्वांत मोठी बासष्टची, सर्वांत लहान एकोणतीसची. कुणाला रक्तदाब, कुणाला सासूचं आजारपण. एकीचा घटस्फोट चालला होता. ती खेळताना इतक्या जोरात 'खो' ओरडायची की झाडावरचे बगळे उडायचे. तिला आवाज कमी कर असं कुणीही सांगितलं नाही.

शाळा सुरू झाल्यावर सराव घेणाऱ्या बाईंनी आमचा खेळ पाहिला आणि म्हणाल्या, "मुलींसोबत एक सामना घ्याच." रविवारी सकाळी सामना झाला. नवरे, मुलं आणि आजूबाजूचे लोक भिंतीवर बसून पाहायला आले. माझा नवराही आला आणि पहिल्यांदाच मला पळताना पाहून तोंड उघडं टाकून उभा राहिला. आम्ही हरलो. थोडंथोडकं नाही, दणकून हरलो. आमची पहिली तुकडी दीड मिनिटात बाद झाली. पण बासष्टच्या काकूंनी मुलींच्या कप्तानला खांबापाशी गाठून बाद केलं, तेव्हा भिंतीवर बसलेले लोक उभे राहून ओरडले आणि काकू कमरेवर हात ठेवून मैदानाच्या मधोमध तशाच उभ्या राहिल्या, हलायलाच तयार होईनात.

सामना संपल्यावर मुलींनी त्यांच्या बाटल्यांतलं पाणी आम्हाला दिलं. कप्तान माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही हात चांगला टाकता, पण दिशा लवकर ठरवता. थोडं थांबत जा."

"उद्या शिकव," मी म्हणाले.

"उद्या सोमवार आहे, शाळा आहे. संध्याकाळी या."