शेल्याला पाय लागला

लॉकडाउनमध्ये लोक घरी केक करत बसले होते आणि मी हॉलंडमधल्या लायडनच्या एका संग्रहालयाच्या तळघरात पिसं बघत होते. माझं कामच ते. जुनी कापडं, जुनी पिसं यांना कसर लागू नये, रंग उडू नये, हे पाहायचं. पुण्यात आईला अजून वाटतं, मी पक्ष्यांच्या दवाखान्यात आहे. असो.

तिथे हवाई बेटांवरचा एक पिसांचा शेला होता. गळ्याशी बांधून पाठीवर सोडायचा. तिथले सरदार लढाईला आणि समारंभाला घालायचे. झाडाच्या वाखाची बारीक जाळी आणि तिच्यावर रानातल्या चिमुकल्या पाखरांची लाल-पिवळी पिसं, एकेक झुबका गाठ मारून बसवलेली. हळदीकुंकवाचं तबकच जणू! त्यातली काही पाखरं तर आता जगात उरलीच नाहीत.

हा शेला ज्या सरदाराचा, त्याच्या वंशातल्या एक आजीबाई त्याला भेटायला येणार होत्या. बघायला नाही हं, भेटायला. घालणाऱ्याचं तेज शेल्यात राहतं असं तिकडचे लोक मानतात, म्हणजे तो घरातला वडीलधाराच. बाई चांगल्या म्हाताऱ्या, स्वतःही पिसांचं काम करणाऱ्या. डोळे मिटायच्या आत एकदा भेट व्हावी, एवढंच मागणं. आणि नेमकी विमानं बंद! मला इतका राग आला त्या मेल्या विषाणूचा, काय सांगू.

मग व्हिडिओ कॉल ठरला. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. आमचे डच संग्रहपाल मास्क लावून दीड मीटरवर उभे. मला ताकीद अशी, की हातमोजे घाल आणि तरीही हात लावू नकोस. शेला सगळ्यात खालच्या रुंद खणात होता. तो खण बाहेर ओढून मी टॅबलेट धरला.

"मला आंटी म्हण," त्या म्हणाल्या. तिकडेही मोठ्या बायकांना सगळे आंटीच म्हणतात म्हणे. घ्या! म्हणजे आमच्या सोसायटीसारखंच.

मी उत्साहाने सुटले. जाळी अशी, गाठ तशी, खोलीतली हवा किती कोरडी. आंटींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "बाळा, गाठी मला येतात. तिथे आमच्या वडीलधाऱ्यांना कुणी नमस्कार करतं का?"

मी संग्रहपालांकडे पाहिलं. त्यांनी भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं.

"आम्ही नीट जपतो, आंटी," मी म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच कसंतरी झालं.

दुसरी बाजू तरी दाखवावी म्हणून वळले आणि बुटाचं टोक खणाला लागलं. "अगं बाई!" टॅबलेट एका हातात तसाच. वाकले, दुसरा हात खणाच्या कडेला टेकवला आणि कपाळाला लावला. विचार करायला वेळच कुठे होता? संग्रहपाल ओरडले, "हात! हात!"

"काय केलंस तू?" आंटींनी विचारलं.

मी लाजेने अर्धी झाले. "पाय लागला, आंटी. आमच्यात पाय लागला की नमस्कार करतात. पुस्तकाला, तबल्याला, माणसाला."

"माणसाला," आंटी म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मग रडता रडता हसल्या. "म्हणजे तिथे त्यांना माणूस समजणारं कुणीतरी आहे."

मग त्यांनी डोळे मिटून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं, लांबलचक, सुरात. संग्रहपाल हलले नाहीत. मीही.

"तुमच्यात निघताना काय म्हणतात?" त्यांनी शेवटी विचारलं.

"'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणतो."

त्यांनी मला टॅबलेट शेल्याजवळ न्यायला लावला आणि हळूच म्हणाल्या, "येते."

विमानं पुन्हा सुरू व्हायच्या आतच आंटी गेल्या. त्यांच्या नातीने कळवलं तेव्हा मी त्या खणापाशी बसून पोटभर रडले. अजूनही खण लावताना मोठ्याने "येते" म्हणते. एकदा माझं आणि एकदा आंटींचं.