मीठ मुरलेल्या शिरा

जामखेडला पेठेमागं गिदोन राहायचा. मेलेल्या बैलाच्या टाचेवरची शीर काढायची, खरवडून तिचे तंतू सोडवायचे अन् पीळ देऊन पिंजाऱ्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीची तात वळायची, हा बापापासूनचा धंदा. बाप तर असा वस्ताद, की चालता बैल बघून म्हणायचा, याची तात गोड वाजणार!

त्रेचाळीस साली पेठेत कारखान्याची तात आली. एकेक पिंजारी तिकडं वळला. उरला बाबूलाल.

"सोमवारी तात दे, गिदोन. न्हाईतर मी बी तीच घेतो."

हे गिऱ्हाईक गेलं की गाव सोडून बेलापूरच्या साखर कारखान्याकडं ऊस तोडायला जाणं आलं.

नशिबानं शनिवारी दिवस मावळता शेजारच्या मळ्यातल्या आबासाहेबांचा बैल मेला. गिदोन शिरा घेऊन आला तशी बायको दीना म्हणाली, "उद्या ऐतवार. कामाला हात लावायचा न्हाई."

"अगं, खरवडल्याबिगर सडतील!"

"मिठात ठेवा. मासं टिकत्यात, मग ह्या का न्हाई?"

बापाला ऐतवार पाळावा लागत नव्हता. बाप्तिस्मा झाला तो गिदोनचा. त्यानं अंडं तरंगेल असं मिठाचं पाणी केलं अन् शिरा बुडवल्या.

सोमवारी निघाल्या त्या राठ. कोमट पाण्यात मऊ होईनात. ओट्यावर बाबूलाल तातीची वाट बघत बिडी ओढत बसलेला. गिदोननं चुलीवरचं पाणी तांब्याभर ओतलं. मग आणखी तांब्याभर.

अन् शिरा हलल्या! जित्या अळ्यांगत आक्रसून त्यांची वेटोळी झाली. वीतभर शीर चार बोटं उरली. ओढली की रबरागत ताणायची, सोडली की पुन्हा तेवढीच. मीठ मुरलेल्या शिरेला ऊन पाणी सोसत नाही, हे बापानं सांगितलं नव्हतं. त्यानं कधी मीठ लावलंच नव्हतं.

"गार पाणी घाला!" दीना ओरडली. घातलं. एकही वेटोळं सुटलं नाही.

बाबूलाल वाकून बघत म्हणाला, "ह्या तर शेवया झाल्या की रं."

"भाई, दुसरा बैल मरंपत्तुर..."

"लोकांच्या गाद्या थांबत्यात व्हय?" गिदोनच्या खांद्यावर हात ठेवून बाबूलाल निघून गेला.

"मिठाचं मीच बोलले," दीना म्हणाली.

"पानी मी वतलं."

चूल विझत आली. गिदोननं विचारलं, "उसाचा कोयता लई जड असतो का गं?"

"मला काय ठावं," दीना म्हणाली अन् भांडी पोत्यात भरू लागली.