कार्डावरचा वाहक

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात औषधाच्या अभ्यासासाठी निरोगी स्वयंसेवक हवे होते. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पुस्तकात वाचलेल्या संशोधनाला आपणही थोडं उपयोगी पडू शकतो, याचंच मला फार अप्रूप वाटलं. वय बसत होतं, वजन जेमतेम बसलं. अर्जात एक प्रश्न होता: रक्ताचा काही आनुवंशिक दोष आहे का? मी खापरखेड्याला बाबांना फोन करून विचारलं.

"नाही वं, आपल्या घरी कोणाले काई नाही. नाही लिही."

मी लिहिलं, सही केली.

चार दिवसांनी तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला समोर बसवलं. "तू आजारी नाहीस. पण सिकलसेलची वाहक आहेस, म्हणून या अभ्यासात घेता येणार नाही. शाळेत कधी तपासणी झाली नव्हती का?"

झाली होती, आठवीत. तेव्हा मिळालेल्या कार्डावर 'वाहक' हाच शब्द होता. मला तो फक्त एसटीत, कंडक्टरच्या सीटजवळ लिहिलेला माहीत होता. बाबांना विचारलं तर ते म्हणाले होते, "म्हणजे आमची पोरगी कंडक्टर होनार." मग वर्षभर तेच. पाहुणे आले की, "कंडक्टरीनबाई, पानी आना." मीही हसत पाणी न्यायचे.

जिन्यातूनच फोन लावला.

"बाबा, वाहक म्हणजे काय, तुमाले तेव्हा मालूम होतं?"

"नर्सबाईनं सांगतलं होतं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"लग्न व्हाचं आहे ना वं तुह्यं. लोकं बिमारीच समजतेत."

"नवराही वाहक निघाला तर लेकराले बिमारी होऊ शकते. हे नाही सांगतलं नर्सबाईनं?"

"तेही सांगतलं होतं."

"कार्ड फेकलं का?"

"फेकीन कसा? तुह्या जन्माच्या दाखल्यासंग ठेवलं आहे. प्लास्टिकमधी."

फेकलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना ते नीटसं कळलंच नसेल, असं मला म्हणता आलं असतं.

मी परत वर गेले आणि माझा अर्ज मागितला. मॅडम म्हणाल्या, आता त्याची गरज नाही. तरी मी "नाही" खोडलं, "हो" लिहिलं आणि शेजारी पुन्हा सही केली.