नर्सबाईंचं घड्याळ

नर्सबाई आधी मनगटावरचं घड्याळ बघत आणि मगच कुणाच्या घरात पाऊल टाकत. आत गेल्या की पिशवीतून वही काढून वेळ लिहीत, मग हात धुवायला पाणी मागत. ती एकोणीसशे सत्तरनंतरची वर्षं. मानवतपासून तीन कोसांवरच्या आमच्या गावात घड्याळ बांधणारी दुसरी बाई नव्हती. बाईमाणसाला वेळ कळून काय करायचंय, असं पुरुष म्हणत आणि बायका माना डोलवत.

पूर्णेकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध घरातल्या त्या. शिकून सरकारी नोकरी धरणारी त्यांच्या घरातली पहिली बाई. ठरलेलं लग्न मोडून ट्रेनिंगला गेल्या, असं गाव म्हणे, आणि त्यांनी ते कधी खोडून काढलं नाही. तोंडावर सगळे नर्सबाई म्हणत. पाठ वळली की जुन्या जातीचं नाव निघे. आमच्या घरात तर पाठ वळायचीही कुणी वाट बघत नसे.

गावची म्हातारी सुईण मेली, तिच्या जागी सरकारनं ही पाठवली, अशीच सगळ्यांची समजूत. सुईण मागच्या दारानं यायची, नाळ कापायची, बाळंतिणीचं जुनं लुगडं घेऊन जायची. बाकी सगळं घरच्या बायका करत. नाळेला मात्र घरातल्या कुणी हात लावायचा नाही. सुईण येईपर्यंत मूल तसंच पडून राहिलं तरी चालेल. नर्सबाईंनी पहिल्याच महिन्यात घरोघर जाऊन सांगितलं, "मी नाळ कापणारी न्हाई, बाळंतपण करणारी हाय. कळा लागल्या की बोलवा. आन् येईन ती पुढच्या दारानं." दोन-चार घरांनी ऐकलं. बाकीच्यांना करमणूक झाली.

मी तेव्हा तेरा वर्षांची. खरूज झाली होती म्हणून त्यांच्या खोलीवर मलम लावून घ्यायला जायची. मलम चोळता चोळता त्या मनगट पुढे करत, "किती वाजले?" उत्तर चुकलं की जरा जोरात चोळत. लाडबीड त्यांना ठाऊक नव्हते. पंधरा दिवसांत खरूज गेली आणि मला घड्याळ यायला लागलं. आमच्या बैठकीत भिंतीवरच्या घड्याळाला वडील रोज किल्ली देत. ते वाचता येणारी घरातली पहिली बाई मी, आणि त्याचा मला भलता तोरा होता.

थोरल्या भावाच्या बायकोला दिवस गेले होते. वहिनी माझ्याहून पाचच वर्षांनी मोठी. नर्सबाई ओसरीवर येऊन तिची सुजलेली पावलं दाबून बघून गेल्या आणि परभणीच्या दवाखान्यात न्या म्हणाल्या. आईनं एका वाक्यात विषय संपवला, आमच्यात तसं नेत नाहीत.

वहिनीला पहाटे कळा सुरू झाल्या. नर्सबाईंना कुणी बोलावलं नाही. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली. वहिनीचं रक्त थांबेना, वार पडेना, आणि पोर नाळेसकट जमिनीवर रडत पडलेली. भाऊ सेलूला गेलेला. आईनं मला पिटाळलं. "नाळ कापायला बोलावलंय म्हन. दुसरं कायबी सांगू नको."

मी तेवढंच सांगितलं. नर्सबाईंनी माझ्या परकराकडे पाहिलं. त्यावर वहिनीचं रक्त होतं. काही न विचारता त्यांनी पिशवी उचलली आणि त्या माझ्या पुढे पळायला लागल्या.

पुढच्या दारात आई आडवी उभी होती. म्हणाली, "मागून ये. देवघरापुढून न्हाई येऊ द्यायची मी."

मागच्या खोलीत कापूस भरला होता, पार दाराला टेकलेला. सगळ्यांना ते ठाऊक होतं. नर्सबाई एकदाच म्हणाल्या, "बाई, सून मरायलीय तुमची." आई हलली नाही. वडील ओसरीवर पाठ करून बसून राहिले. मग पुढच्या दाराशिवाय कुठे पाऊल न टाकणारी ती बाई मागे गेली आणि दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागली. मीही उपसत होते. त्या पांढऱ्या ढिगाची मला अजून किळस येते.

आत पोचेपर्यंत वहिनी पांढरी पडली होती. नर्सबाईंनी नाळ कापली, पोर वाचवली. दिवेलागणीला वहिनी गेली. आईनं तिचं रक्तानं भिजलेलं लुगडं नर्सबाईंच्या पायाशी टाकलं, तो त्यांचा मान म्हणून. त्यांनी ते घडी करून वहिनीच्या उशाशी ठेवलं.

बाराव्या दिवशी पत्रिकेसाठी जोशीबुवांनी जन्मवेळ विचारली. वडिलांनी मला हाक मारली, "किती वाजले होते गं?" मी सांगितलं, तीन वाजून वीस मिनिटं. पत्रिकेत तीच वेळ आहे.

आणि त्याच आठवड्यात वडिलांनी अर्ज केला, की नर्स उशिरा आली म्हणून सून दगावली. चौकशीला एक डॉक्टरसाहेब जीपनं आले. ओसरीवर त्यांनी नर्सबाईंची वही उघडून मोठ्यानं वाचलं: दारात आले चार वाजून दहा मिनिटं, मागून आत पोचले चार वाजून पन्नास मिनिटं.

वडील म्हणाले, "घड्याळ तिचं, वही तिची. कायबी लिहील."

साहेबांनी मला पुढे बोलावलं. बाई किती वाजता दारात आल्या, तू पाहिलंस का? मी पाहिलं होतं. बैठकीतलं घड्याळ दारातून समोरच दिसतं. नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना माझ्या उत्तराची काळजी नव्हती. मी बरोबर सांगणार याची त्यांना खात्री होती. वडिलांनी फक्त घसा खाकरला.

मी म्हणाले, "मला घड्याळ कळत न्हाई."

साहेबांनी वही मिटली.

महिन्याभरात नर्सबाईंची लांब कुठेतरी बदली झाली. पोचवायला गावातलं कुणी गेलं नाही. मी घरी न सांगता फाट्यावर गेले. का गेले, मला माहीत नाही. माफी मागायची हिंमत माझ्यात तेव्हा नव्हती, पुढेही आली नाही. त्या ट्रंकेवर बसल्या होत्या. एसटी दिसायला लागली तेव्हा त्यांनी मनगट माझ्यापुढे केलं.

"किती वाजले?"

"दहा वाजून वीस मिनिटं," मी म्हणाले.

"बरोबर," नर्सबाई म्हणाल्या, आणि ट्रंक उचलून एसटीत चढल्या.