बिननावाचा मुखवटा

लोकांनी पाहिलेली फिल्म चार दिवस बोलून विसरली जाते. जी कुणीच पाहिली नाही, तिचे किस्से मात्र वाढतच जातात! परवा नगरच्या एसटी स्टँडवर एका अनोळखी गृहस्थांनी मला आमचाच किस्सा सांगितला. वर म्हणाले, "तुम्ही पोरी, तुम्हाला काय माहीत!" मी तिथं वही घेऊन उभी होते, काका. तेव्हा आता मीच सांगते.

मुंबईत टीव्ही नुकता सुरू झाला होता. तिथल्या एका छोट्या फिल्म कंपनीतले पारखेसाहेब परदेशात एक मालिका पाहून आले होते. मुखवटा घातलेला, उडणारा, दुष्टांना बदडणारा वीर! ती त्यांना मराठीत आणायची होती. आधी एकच भाग करायचा, कंपनीतल्या बड्यांना दाखवायचा, त्यांनी पास केला तरच पुढचे भाग. याला पायलट म्हणतात. उघडेबोडके डोंगर आणि कोरडे तलाव हवेत म्हणून ते दुष्काळातल्या आमच्या नगरला आले आणि कॉलेजच्या आम्हा नाटकवाल्यांना त्यांनी कामाला जुंपलं. संवाद मी लिहिले. कोणत्या शॉटला कोण कुठं उभं होतं, याची वहीही माझ्याकडेच.

घरी अप्पा. कोर्टात शिरस्तेदार. तोंडातून निघालेला शब्द म्हणजे निकाल! "फिल्म पास झाली तर मुंबईला जा आणि लिही. मी अडवणार नाही. नाही झाली, तर इथलंच, बेलापूरचं स्थळ. मग अवाक्षर काढायचं नाही."

बी.ए. झालेल्या मुलीचं पुढचं आयुष्य पत्र्याच्या डब्यातल्या एका रिळावर! मी म्हटलं, "मान्य." दुसरं काय म्हणणार?

*

परदेशी वीराचा मुखवटा रबराचा होता. तसा इथं कोण करणार? शेवटी आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या भागुजीबाबांकडे गेलो. जत्रेत सोंगं नाचतात, त्यांचे मुखवटे हे बाबा करायचे. कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ, वर रंग.

बाबांनी विचारलं, "नाव काय याचं?"

पारखेसाहेब म्हणाले, "नाव अजून मंजूर झालेलं नाही."

खरंच नव्हतं! मी अकरा नावं पाठवली होती. बड्या मंडळींनी अकराही परत पाठवली होती. एक नाव फार मराठी, एक पुरेसं मराठी नाही.

बाबा म्हणाले, "आमच्यात मुकवटा चढला की त्या मानसाला त्याच्या नावानं हाक मारीत न्हाईत. सोंगाच्या नावानं मारत्यात. याला नावच न्हाई, तर हाक कशी मारनार?"

"ते आम्ही बघू. तुम्ही करा."

"करतो. पन त्वांड कुनाचं काडू?"

"कुणाचंच नको. डोळ्यांना भोकं ठेवा, झालं."

बाबांनी मुखवटा केला. देताना तो कापडात गुंडाळला आणि साहेबांच्या हातात न देता जमिनीवर ठेवला. म्हणाले, "तुमीच उचला."

*

वीर झाला होता आमचा शरद. केडगावचा. मल्लखांबावर असा चढायचा की बघणाऱ्याला धाप लागावी.

पहिल्या दिवशी कोरड्या तलावात शूटिंग. शरद मुखवटा चढवून उभा. साहेब ओरडले, "शरद, डावीकडे सरक!"

शरद ढिम्म.

"शरद! ऐकू येत नाही का?"

दहा हातांवरून ऐकू न यायला काय झालं? शेवटी कॅमेरामन जोसेफ वैतागून म्हणाला, "ए, तू!" तसा तो झटकन डावीकडे सरकला.

शॉट झाल्यावर मुखवटा काढून घाम पुसत शरद म्हणाला, "मला कोनीच हाक मारली न्हाई. तुमी सगळे गप हुता की!"

तेव्हापासून आम्ही त्याला "ए, तू" म्हणायचो. काम फत्ते! आठवड्याभरानं तो मला म्हणाला, "उषाताई, एक इचारू? घरी आई 'शरद' म्हनून हाक मारती ना, तवा मी मागं वळून बगतो, कोन आलंय म्हून."

*

वीर हिंडतो रात्री. पण रात्री शूटिंग करायला दिवे कुठले? सिनेमावाल्यांची त्यावर युक्ती असते. भर दुपारी कॅमेऱ्याला लाल काच लावायची. काळ्यापांढऱ्या फिल्मवर आकाश काळंकुट्ट येतं, ऊन चांदण्यासारखं दिसतं.

नागापूरच्या पुढच्या खाणीशेजारी चार घरांची वस्ती होती. तिथं दुपारी बारा वाजता आम्ही रात्र करायला उभे राहिलो. जोसेफनं काच लावली.

वस्तीवरच्या कोंबड्या एकामागून एक खुराड्यात शिरल्या.

काच काढली, तशा बाहेर आल्या. सगळे हसले. मीही हसले. जोसेफनं पुन्हा काच लावली, पुन्हा कोंबड्या आत. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही. डोक्यावर ऊन रणरणत होतं आणि पाखराचा आवाज नव्हता.

एक म्हातारी दारातून कपाळावर हात धरून आमच्याकडे बघत होती. म्हणाली, "आज लई लवकर सांज केलीत, बाई. माज्या भाकऱ्या व्हायच्यात अजून."

*

उडायचा शॉट त्याच खाणीत. शरदला कड्यावरून ढकलणं शक्य नव्हतं. (साहेबांनी दोन दिवस विचार केला होता!) मग कडबा भरून बुजगावणं केलं. त्याला वीराचे कपडे घातले, पाठीला झूल बांधली, तोंडाला मुखवटा.

दोघांनी ते वरून फेकलं. खाली गेलं. दिसेनासं झालं. आम्ही थांबलो.

आणि थांबलोच.

साहेब हळूच म्हणाले, "पडल्याचा आवाज कुणी ऐकला का?"

कुणीच नाही. वळसा घालून खाली उतरलो. बुजगावणं तिथंच होतं. उताणं. पाय जुळलेले, हात अंगालगत सरळ, झूल पायांपर्यंत नीट ओढून घेतलेली. उन्हातून येऊन कुणी जरा आडवं व्हावं तसं.

मी वहीत काय लिहावं या विचारात. साहेब रुमाल शोधताहेत. शरद तर चार पावलं मागंच थांबलेला.

जोसेफ मात्र खरा व्यवसायातला माणूस! खाली वाकून बघितलं, म्हणाला, "काही बिघडत नाही. आवाज नंतर टाकू."

*

शूटिंग संपलं. पारखेसाहेब डबा स्वतः मांडीवर घेऊन मुंबईला गेले. कंपनीच्या भांडारात त्यांनी तो दिला. तिथं प्रत्येक डब्यावर कार्यक्रमाचं नाव लिहायची पद्धत. आमच्या डब्यावर काय लिहिणार? बड्या मंडळींचं नावावर एकमत व्हायचंच होतं! डबा तसाच आत गेला.

बड्यांना दाखवायच्या दिवशी तो सापडेना. साहेबांनी विचारलं, भांडारवाल्यानं वही उघडली. "कुठल्या नावाखाली शोधू?"

महिनाभर शोधलं. मग साहेबांचं पत्र आलं. फिल्म हरवली, फार वाईट वाटतं, तुला उज्ज्वल भविष्य आहे वगैरे. मोठी माणसं हातातली गोष्ट घालवतात आणि वर आपल्याला भविष्य सांगतात!

मी रडले नाही. सरळ अकोल्याची एसटी धरली आणि भागुजीबाबांशी जाऊन भांडले. म्हटलं, "तुम्ही मुखवट्यात काय घातलंत? माझी फिल्म हरवली!"

बाबा लगदा मळत होते. मान वर न करता म्हणाले, "हरवंल कशी? हरवायला आदी नाव लागतं. तुमची नुस्ती कुटंतरी हाय."

*

अप्पांनी पत्र वाचलं, घडी घातली, आणि दुसऱ्याच दिवशी बेलापूरला निरोप धाडला. मी अवाक्षर काढलं नाही. तसं कबूल केलं होतं.

रविवारी चार वाजता मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील, आणि मुंबईला राहणारी आत्या. मुलगा पायातल्या बुटांकडे बघत होता. वडील पोह्यांकडे. आत्याबाई मात्र माझ्याकडे टक लावून.

"हिला मी पाहिलंय," त्या म्हणाल्या.

आई म्हणाली, "नगरला येणं होतं का तुमचं?"

"छे हो, पहिल्यांदाच येतेय. थांबा... हां! टीव्हीवर! आमच्या शेजारी घेतलाय ना नवा. गुरुवारी आम्ही सगळ्या बायका जमलो होतो. काहीतरी मुखवटेवाल्याचं होतं. कोरडा तलाव, खाण, सगळी रात्रच रात्र. मी तर पदर तोंडावर घेऊन बसले होते."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. पारखेसाहेबांचं दुसरं पत्र कालच आलं होतं, शुक्रवारच्या तारखेचं. डबा अजून मिळालेला नाही म्हणून.

मी म्हटलं, "आत्याबाई, मी त्यात काम केलं नव्हतं. फक्त लिहिलं होतं. मी एकाही शॉटमध्ये नाही."

"असं कसं? शेवटी तो खाणीत खाली बसतो, दोन्ही हातांनी मुखवटा काढतो. आत तूच होतीस की गं!"

मुखवटा काढायचा शॉट आम्ही घेतलाच नव्हता. मी तो लिहिलाही नव्हता. आणि तो मुखवटा मी एकदाही तोंडाला लावलेला नव्हता.

मुलानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली घातली.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. साक्षीदाराला विचारावं तसं आत्याबाईंना विचारलं, "टीव्हीवर दाखवली? तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"अहो, या डोळ्यांनी!"

अप्पा उठले. खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर सरळ केली.

"म्हणजे पास झाली," ते म्हणाले. "मी उद्याच्या मुंबई गाडीचं तिकीट बघून येतो."